लाल काट्यावरचे अठरा किलोमीटर

गाडी मी बिघडवली. एवढं साधं वाक्य बोलायला मला नऊ दिवस लागले, आणि तोवर इंद्रायणीवहिनींनी सगळा दोष स्वतःवर घेऊन टाकला होता.

मेजर शशिकांत, आमचे दादा, पोस्टिंगवर लडाखला गेले तेव्हा वहिनी नुकत्याच गाडी शिकल्या होत्या. मी शेजारचा, चंदीगडजवळ मोहालीत नोकरी करणारा, गाडीतलं सगळं कळतं म्हणून मिरवणारा. वहिनींचा हात बसेपर्यंत आठवड्यातून एकदा गाडी आपल्या सेक्टरमध्येच फिरवून आण, एवढंच दादांनी सांगितलं होतं. मी ती थेट डोंगरावर, कसौलीला नेली.

परवाणूच्या पुढे चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. थांबायला हवं होतं. पण सोबत मित्र, वर हॉटेलचं बुकिंग आणि माझा हेका. तशीच अठरा किलोमीटर दामटली. पोचल्यावर इंजिन निवू दिलं, कूलंटच्या टाकीत बाटलीतलं पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी गाडी हळूहळू उतरवली, धुतली आणि किल्ली वहिनींना दिली. वर त्यांच्याकडचे दोन लाडूही खाल्ले.

वहिनींना डेराबस्सीच्या औषध कंपनीत नवी नोकरी लागली होती. पहिल्याच दिवशी एकट्या निघाल्या आणि अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं.

गॅरेजमध्ये त्यांनी मलाच सोबत नेलं. मिस्त्रींनी ऑइल काढून दाखवलं, तर ते दुधाळ चहासारखं. म्हणजे काय, हे वहिनींना समजावणं माझ्याकडे आलं. कूलंट इंजिनाच्या भिंतींमधल्या पोकळ्यांतून फिरतं आणि उष्णता रेडिएटरकडे नेतं, मी म्हणालो. ऑइल फिरत्या भागांवर पातळ थर धरतं, म्हणून धातूवर धातू घासत नाही. दोघांना वेगळं ठेवतं ते एक पातळ गॅस्केट. इंजिन फार तापलं की ते जळतं, पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइलचा थर टिकत नाही. इतकं छान सांगितलं की मिस्त्रींनीही मान डोलावली. कुणी तापवलं, तेवढं मी गाळलं.

"म्हणजे मीच तापवली," वहिनी म्हणाल्या.

फोनवर दादा त्यांनाच बोलले. त्या रोज दोन बस बदलून कामाला जाऊ लागल्या. मी शेजारी निवांत जेवत होतो, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटत होती.

नवव्या दिवशी त्यांनी सांगितलं की गाडी दुरुस्त झाली तरी विकायचीय, आता आयुष्यात स्टिअरिंगला हात लावणार नाही. तेव्हा मी बोललो. कसौली, चढ, पाणी, सगळं.

मला वाटलं, चिडतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "काटा लाल झालेला तुला दिसला होता?"

"हो."

"मला काटा कुठे बघायचा हेच माहीत नव्हतं रे, तरी नऊ दिवस मी स्वतःला मूर्ख म्हणतेय. आणि तू ते रोज ऐकत होतास."