डिकीतलं बटण

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई शनिवारी सकाळी शेजाऱ्याच्या टेम्पोला बांधून गाडी माझ्या गॅरेजवर घेऊन आल्या. गाडी त्यांच्या मुलापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, आणि माझं स्पष्ट मत असं की दोघांत गाडीचा स्वभाव बरा. तीन महिन्यांत चौथ्यांदा बॅटरी उतरली होती. आज चालवून आणावी, परवा सेल्फ मारावा, तर नुसती टकटक.

"आधी तिघांना दाखवली," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे शेवटी आले, कारण तुम्ही फार बोलता."

तिघांनीही बॅटरी चार्ज करून दिली होती. एकाने तर नवीच बसवली. ताप का आला ते बघायचं नाही, कपाळावर पट्टी ठेवायची आणि घरी पाठवायचं, असा सगळा कारभार. मी हे त्यांना सविस्तर सांगितलं.

मुलगा पाच वाजता येणार होता. तोवर दोष सापडला नाही तर किल्ली त्याच्याकडे द्यायची आणि सोमवारी गाडी विकायची, असं मायलेकांचं ठरलं होतं. त्याचं म्हणणं एकच, गाडीचं वय झालं. आईचंही झालं, हे तो बोलत नसे, पण ऐकू येत असे. बाई दर बुधवारी स्वतः गाडी चालवत चाळीस किलोमीटरवर थोरल्या बहिणीकडे जातात. बहीण अंथरुणावर आहे. तिच्या गावाला बस जात नाही आणि मुलाला बुधवारी वेळ नसतो.

मी माझी भरलेली बॅटरी लावली, किल्ली काढली, दारं आणि डिकी बंद केली. मग बॅटरीची एक तार सोडवून मध्ये छोटा बल्ब जोडला. गाडी बंद असताना हा बल्ब पेटता कामा नये. तो पेटला. म्हणजे आत कुणीतरी गुपचूप वीज खात होतं. एकेक फ्यूज काढत गेलो. ज्याच्यावर बल्ब विझेल तिथे चोर. चारही फ्यूज काढले तरी बल्ब आपला पेटलेलाच.

"म्हणजे काय?" स्टुलावरून बाईंनी विचारलं.

"म्हणजे कुणीतरी फ्यूजला बगल देऊन थेट बॅटरीवरून तार ओढलीय. अहो, असलं काम गाढवसुद्धा करत नाही. ज्याने हे केलं त्याच्या हातात पुन्हा पकड देऊ नये."

"शोधा तर त्याला," बाई म्हणाल्या.

मी पायाखालची चटई उचलली आणि तारेच्या मागे लागलो. मागच्या सीटखाली एक जोड होता. जोडावर टेप, टेपच्या टोकाला मेण लावलेला दोरा, तीन वेढे आणि एक गाठ. टेप उलगडू नये म्हणून असा दोरा बांधायला मला मामाने शिकवलं. मामा जाऊन वीस वर्षं झाली. त्याच्यानंतर असा दोरा बांधणारा मी एकटाच उरलोय. मी बराच वेळ सीटखालून डोकं बाहेर काढलं नाही.

"सापडलं का ते गाढव?"

"सापडलं," मी म्हणालो.

अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या यजमानांना डिकीत दिवा हवा होता. झाकण लागलं की खटका दाबला जाऊन दिवा विझावा, एवढं साधं काम. पण मी आणलेला खटका जेमतेम बटणभर आखूड निघाला, झाकण त्याला टेकेना. मग मी माझ्या खाकी डगल्याचं जाड बटण तोडलं आणि खटक्यासमोर झाकणाला सोल्युशनने चिकटवलं. तात्पुरतं आहे, पुढच्या आठवड्यात या, नीट करून देतो, असं साहेबांना सांगितलं. तो पुढचा आठवडा अजून उजाडायचा होता.

आता बंद डिकीत दिवा जळतोय का, हे बघायचं कसं? मी आत शिरायच्या बेतात होतो.

"माझा मोबाईल घ्या, व्हिडिओ लावा आणि आत ठेवा," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिरलात तर काढायला क्रेन लागेल."

व्हिडिओत झाकण बंद झालं आणि दिवा लख्ख जळत राहिला. झाकणावर वाळलेल्या सोल्युशनचा गोल डाग होता, बटण नव्हतं.

"इथे एक बटण होतं. तपकिरी, चार भोकांचं."

बाईंनी पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि डबीतून ते बटण. "तीन महिन्यांपूर्वी डिकी झाडताना सापडलं. मला वाटलं, यांच्या कोटाचं. हे गेले तेव्हाच कपडे सगळे देऊन टाकले होते. एवढंच मागे राहिलं, म्हणून जवळ ठेवलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लांब दांड्याचा नवा खटका बसवला, तारेला फ्यूज घातला. तेवढ्यात चिरंजीव आले.

"वय झालंय ना गाडीचं?"

हो म्हटलं असतं तर माझं नाव राहिलं असतं, बाईंचं बटण राहिलं असतं, आणि गाडी गेली असती.

"गाडी ठणठणीत आहे," मी म्हणालो. "चूक माझी. हे बटण माझ्या डगल्याचं." आणि सगळं सांगितलं. त्याला अर्धा तास त्या चाचणीच्या बल्बासमोर बसवलं. बल्ब एकदाही पेटला नाही.

तो उठला. किल्ली मागितली नाही. "बुधवारी पोचलीस की फोन कर, आई," एवढं म्हणून गेला.

बाईंनी बटण माझ्यापुढे धरलं. "तुमचं आहे, घ्या."

"चिकटवलं मी," मी म्हणालो, "पण सुकेपर्यंत साहेबांनी अर्धा तास अंगठ्याने दाबून धरलं होतं. सोडा म्हटलं तरी सोडेनात."

बाईंनी बटणावर अंगठा ठेवून बघितला. मग ते डबीत टाकलं, डबी पर्समध्ये ठेवली आणि सेल्फ मारला. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.