वाढत्या अंगाचा पट्टा

मयुरीनं पट्टा कमरेला लावला, चाप बसवला, हात सोडले, आणि पट्टा सरळ खाली जाऊन तिच्या घोट्यांभोवती पडला.

मंडळाच्या कचेरीत बसलेल्या मुखरूभाऊंनी चष्मा वर सारला आणि चूक जणू पट्ट्याची नसून तिच्या कमरेची आहे, अशा नजरेनं तिच्याकडं पाहिलं.

"थोडासा ढिला हाय," ते म्हणाले. "वाढत्या अंगाचा घेतला ना आमी."

"भाऊ, मी बावीस वर्षांची हावो. आता मी अजून कुठी वाढू?"

"मानूस कवाही वाढू शकते, पोरी. माह्याकडं पाय." आणि त्यांनी स्वतःच्या पोटावर प्रेमानं थाप मारली.

मुखरूभाऊ म्हणजे कोहमाटोला जलक्रीडा मंडळाचे अध्यक्ष. पाण्यात ते घोट्याच्या वर कधी उतरले नव्हते. त्याआधी अकरा वर्षं ते शाळेचे गणवेश खरेदी करत. त्यांच्या काळात गावातल्या एकाही पोराचं मनगट कुणाला दिसलं नाही. बाही बोटांच्या खाली लोंबायची, आणि ती हाताला बरोबर होईपर्यंत सदरा फाटलेला असायचा. खरेदीची एकच विद्या त्यांना येत होती : दोन नंबर मोठं घ्यायचं. तीच त्यांनी इथंही लावली. दहा पट्टे, दहाही एकाच मापाचे. ज्या एका पोरीसाठी ते आणायचे होते तिला विचारावं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही.

मयुरीचा खेळ तसा सांगायला सोपा. पाण्यावर फळी, फळीवर माणूस आणि वर आभाळात खोलीएवढी पतंग. वारा पतंग ओढतो, पतंग माणसाला ओढते, माणूस पाण्यावरून सुसाट पळतो. ती ओढ नुसत्या हातांनी पेलायची म्हटलं तर घटकाभरात खांदे निखळतील. म्हणून कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला समोर लोखंडी आकडा आणि आकड्यात पतंगीची दोरी. सगळा भार त्या पट्ट्यावर. पट्टा चांगला तर माणूस राजा, नाही तर खाटकाच्या दुकानातलं बकरं.

हे सगळं ती तामिळनाडूत शिकली होती. अठराव्या वर्षी सूतगिरणीत कामाला गेली, सुट्टीच्या दिवशी समुद्रावर गेली आणि गिरणी सोडून तिथल्या पतंगीच्या शाळेत पतंगींच्या फुगवायच्या कडांत हवा भरायच्या कामाला लागली. तीन वर्षांत हवा भरता भरता स्वतःच उडायला शिकली. गावी परतताना शाळेच्या मालकानं तिला एक ठिगळं लावलेली पतंग आणि जुनी फळी दिली. पट्टा मात्र शाळेचा होता, तो परत करावा लागला.

आता येत्या रविवारी कोकण किनाऱ्यावरचे दोन प्रशिक्षक खास तिला बघायला गावच्या धरणावर येणार होते. पसंत पडली तर वर्षभर तिकडं राहून शिक्षण आणि मग स्पर्धा. नाही तर पुन्हा सूतगिरणी. आणि मुखरूभाऊंचा नियम असा, की मंडळाच्या कार्यक्रमात मंडळाचंच साहित्य वापरायचं.

"हा मले होतच नाई, भाऊ!"

"बांध दोरीनं," मुखरूभाऊ म्हणाले आणि फोनवर बोलायला लागले. फोन वाजला नव्हता.

तिनं बांधला. दुसरं करणार काय? दुपारी वारा सुटला तशी ती धरणावर गेली, पतंग चढवली, फळीवर उभी राहिली. पतंगीनं एक हिसका दिला. पट्टा कमरेवरून बरगड्यांवर आला. दुसऱ्या हिसक्यात बरगड्यांवरून काखेत. आकडा हनुवटीखाली येऊन टेकला, आणि कान धरून वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी मयुरी अर्धं धरण ओढली गेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं. बरगडी मोडली नव्हती, पण अंग काळंनिळं झालं होतं. "पुन्हा असाच मार बसला तर मोडेल. दोन दिवस हसू नको."

"हसासारखं ठेवलं काय या लोकायनं?" मयुरी म्हणाली, आणि तेवढं बोलतानाही तिची बरगडी ठणकली.

तिची आई गुणाबाई मात्र हातावर हात धरून बसणारी नव्हती. पट्टा ढिला आहे ना, मग आत काही भरलं की झालं. तिनं घरातली बरी उशी घेतली, पट्ट्याच्या आतून दाभणानं शिवली आणि पोरीच्या अंगावर चढवून चारी बाजूंनी पाहिलं.

"पाय, कशी गच्च बसली!"

जमिनीवर खरंच गच्च बसली. पाण्यात उशीनं पाणी प्यायला सुरुवात केली. पीतच राहिली. मधल्या खोल पाण्यात तिचं वजन रेडकाएवढं झालं, मयुरी फळीसकट खाली चालली, वरून पतंगीनं ओढलं आणि उशी फाटली. दोन किलो कापूस धरणभर पसरला. ढिवरांच्या जाळ्यात त्या दिवशी मासोळी कमी आणि कापूस जास्त निघाला. एका म्हातारीनं तर धरणात बगळ्यांची कत्तल झाल्याची बातमी दोन गावांत पोचवली.

दुसऱ्या दिवशी मंडळाची नोटीस आली. "आपण जलाशयात कापूस सोडून पर्यावरणाची हानी केली आहे. खुलासा करावा."

मयुरीनं नोटीस तीनदा वाचली.

"माह्या बरगड्यायची हानी कोन्त्या कलमात येते वो, माय?"

"वडस्याले जाय," गुणाबाई म्हणाली. "बाबूभाईकडं. थो देवायले उडवते, तं तुले नाई उडवन?"

वडसा म्हणजे नाटकांचं गाव. हिवाळाभर तिथल्या कंपन्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं करत फिरतात, आणि नाटकात देव, राक्षस, भूत कुणी ना कुणी उडतंच. त्यांच्या कपड्यांखालचे पट्टे बाबूभाई शिवायचे. उन्हाळ्यात नाटकं बंद, तेव्हा गाड्यांच्या सीटा शिवायचे. दुकानाच्या आढ्याला एक आकडा होता, आणि त्या आकड्याचा एक कायदा होता. पट्टा घालून तिथं लटकायचं आणि लटकल्या लटकल्या एक अख्खं गाणं म्हणायचं. गाणं पूर्ण झालं तर पट्टा पास. मधेच थांबलं तर पट्टा उसवायचा.

बाबूभाईंनी मंडळाचा पट्टा उलटापालटा करून पाहिला.

"हा कोनाचा? हत्तीचा?"

"माहा."

"तौबा! बेटी, कोनं पसंत केला?"

"मुखरूभाऊनं. टेबलावर ठेवून."

बाबूभाई इतके तापले, की त्यांनी तोंडातलं पान थुंकून टाकलं. "टेबलावर? पट्टा काय समोसा हाय? अन् उभं राहून तरी काय समजते? उभा तं मानूस पोत्यातही राह्यते. लटकून पाहा लागते!"

मग ते माप घ्यायला लागले. नुसती कमर नाही. "श्वास घे. पुरा घे. आता सोड. दोन्हीचं माप पायजे. लोक पोट आत घेऊन माप देतेत, अन् मंग वर गेल्यावर श्वास घ्याची याद येते." कमरेच्या हाडांच्या वर किती, शेवटच्या बरगडीच्या खाली किती, आकडा बेंबीशी येतो का, सगळं बोटांनी चाचपून, खडूनं लिहून. मयुरी समुद्रावरच्या पट्ट्यांचं सांगत गेली. पाठीला कडक पाहिजे, आतून मऊ, पण पाणी पिणारं काही नको. पाणी पिणाऱ्या वस्तूचा तिला ताजा अनुभव होता.

बाबूभाईंनी ट्रकच्या सीटमधला घट्ट फोम काढला, सामान आवळायच्या नायलॉन पट्ट्या काढल्या, टाके बाहेरच्या अंगाला घेतले, म्हणजे कातडीला घासणार नाहीत. पाणी निथळायला भोकं पाडली. पट्टा वर सरकू नये म्हणून मांड्यांतून दोन पट्टे घेतले. "हे मी हनुमानाले लावतो," ते म्हणाले. "आजलोक एकही हनुमान सरकला नाई."

"अन् सुटाचं कसं?"

"एका हातानं, एका झटक्यात. नाटकात राजा मेला तं चालते, नट नाई मेला पायजे."

मयुरीनं लटकून म्हणायला भातलावणीचं, म्हणजे रोवण्याचं, सात कडव्यांचं गाणं निवडलं. पहिल्या खेपेला दुसऱ्याच कडव्यात श्वास अडकला. बाबूभाईंनी पुढची बाजू बोटभर उतरवली. दुसऱ्या खेपेला चार कडवी झाली आणि डावा पाय झोपला. मांडीचा पट्टा उसवून पुन्हा शिवला. तिसऱ्या खेपेला सातही कडवी झाली, वर तिनं लटकूनच चहा मागितला. स्कुटीची सीट शिवायला आलेली एक बाई तर म्हणाली, "अजून एक म्हन ना वो, मले घाई नाई."

रविवारी धरणावर मांडव पडला. भोंगे लागले. कोकणातले दोघं टोप्या घालून काठावर सरबत पीत उभे होते आणि पुन्हा पुन्हा आभाळाकडं बघत होते. मे महिन्याचा वारा, दुपारी येतो आणि कुणाची वाट न बघता जातो. मयुरी नवा पट्टा घालून फळी घेऊन निघाली, तशी मुखरूभाऊंनी वाट अडवली.

"हा कोन्ता? याच्यावर मंडळाचं नाव नाई."

"नाव नाई, पन माप हाय."

"नियम म्हंजे नियम. आपला लाव, नाई तं कार्यक्रम रद्द."

एक वर्षाचं शिक्षण, सगळं आयुष्य, आणि मधे हा माणूस एक ढिला पट्टा घेऊन उभा! मयुरीनं मांडवाकडं पाहिलं. बाबूभाई हत्यारांची पेटी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. पेटीवर दोर होता, कप्पी होती.

"भाऊ," ती एकदम गोड आवाजात म्हणाली, "तुमी तं नाटकातले राजे होते ना?"

मुखरूभाऊंची छाती फुगली. तरुणपणी त्यांनी एक हिवाळा राजाचं काम केलं होतं आणि उरलेले तीस हिवाळे त्याबद्दल सांगितलं होतं.

"मंग आपला पट्टा लावा अन् त्या आंब्याले लटकून एक गानं म्हना. पुरं झालं तं मी तोच लावते. सगळ्यायच्या समोर सांगते."

मांडवातून शिट्ट्या आल्या. मागं सरायला आता जागा नव्हती. मुखरूभाऊंनी पट्टा कमरेला लावला, आणि तो त्यांना तंतोतंत बसला. गावाला तेव्हा कळलं की माप कुणाचं घेतलं होतं.

"पाहा!" ते म्हणाले. "काय खराबी हाय याच्यात?"

"उभे हाव तुमी अजून," बाबूभाई म्हणाले.

"गानं नाई, मी भाषन करतो." त्यांनी माईक हातात घेतला. बाबूभाईंनी आंब्याच्या फांदीला कप्पी बांधली, पट्ट्याच्या आकड्यात दोर अडकवला, चौघांनी तो ओढला, अध्यक्ष जमिनीपासून दोन हात वर गेले.

"आदरनीय पावने, येथे जमलेल्या माता-भगिनी..."

माता-भगिनींपर्यंत पट्टा पोटावर होता. गोल पोटाला पट्टा धरून ठेवायला कंगोराच नसतो. "युवक मित्र" म्हणेपर्यंत तो छातीवर आला. सदरा त्याच्याबरोबर वर निघाला. "जलक्रीडेचं महत्त्व" काखेत अडकलं, दोन्ही हात आपोआप वर गेले, आणि माईक पट्ट्यात असा फसला की थेट तोंडासमोर. भोंग्यांतून आता नुसतं "हुं... हुं..." येत होतं.

"भाऊ, चाप दाबा!" मयुरी ओरडली.

"द... दबून नाई राह्यला!"

"गानं तं राह्यलं अजून!"

"सोडा वो, बाई!"

"कोन्ता पट्टा लावू, ते सांगा आधी!"

"तुहा... तुहाच लाव! लाव, माय, लाव!"

भोंग्यांनी ते अख्ख्या धरणाला ऐकवलं. पलीकडच्या काठावरून "लाव, लाव" परत आलं. मंडळाच्या सचिवानं इमानानं वहीत लिहिलं : अध्यक्षांनी लटकत्या अवस्थेत मंजुरी दिली.

मयुरी पाण्याकडं धावली. मागं चौघं अध्यक्षांना खाली घेत होते, ते बघायलाही ती थांबली नाही. पतंग चढली, दोर ताणला, आणि तो सगळा ताण तिच्या कमरेवर येऊन बसला आणि बसूनच राहिला. हिसका आला. पट्टा बोटभर हलला नाही. दुसरा आला. बरगडी गप्प. मयुरी फळीवरून उसळली, हवेत एक गिरकी घेतली, पाण्यावर उतरली आणि गळा काढून रोवण्याचं गाणं म्हणायला लागली.

"ती ओरडतेय का?" एक प्रशिक्षक घाबरून म्हणाला.

"नाही," दुसरा म्हणाला, "गातेय."

सातव्या कडव्याला ती काठाशी आली, एका झटक्यात आकडा सोडला आणि त्यांच्यापुढं उभी राहिली. तिला न्यायचं त्यांनी तिथंच ठरवलं. मग दोघं वाकून पट्टाच बघायला लागले. "कुठल्या कंपनीचा आहे?"

"स्टेशन रोड, वडसा," मयुरी म्हणाली.

पंधरा दिवसांनी कोकणाची गाडी धरायला निघताना ती बाबूभाईंच्या दुकानात गेली. ते पानही न खाता एका कागदाकडं डोळे फाडून बघत होते. मंडळाचं पत्र होतं. जुने पट्टे रद्द करून आपल्याकडून दहा नवे पट्टे घेण्याचा ठराव एकमतानं झाला आहे. खाली मुखरूभाऊंच्या हातची एक ओळ होती : सगळे दोन नंबर मोठे शिवावेत, पोरं वाढत्या अंगाची आहेत.

मयुरीनं ते वाचलं. बॅग खाली आपटली. "हे मानसं हायेत का कोन?"

"बेटी, ट्रेन जाईल."

"जाऊ द्या! पेन द्या मले."

बाबूभाईंनी पेन दिलं, आणि पत्राच्या मागं काय लिहायचं ते स्वतःच सांगितलं. "लिव. माप चिठ्ठीवर घेतलं जात नाई. दहाही जनानं, अध्यक्षासकट, दुकानात येऊन लटकावं."

मयुरीनं लिहिलं. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ घातली, बॅग उचलली आणि पळत सुटली.

'गाणं सात कडव्यांचं. भाषण चालणार नाही.'