टेपचं छत्तीस

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यातली, मापाची. आयुष्यभर माझ्या वतीनं दुसरेच बोलले, म्हणून आज तोंड उघडलं.

अंग कापडाचं, त्यावर मेणरंगाचा हात, दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या. लांबी साठ इंच, एका दोऱ्याचाही फरक नाही. मास्तरांनी मला विकत घेतलं त्या दिवशी दुकानातल्या मापाच्या लोखंडी गजाशेजारी आडवं ठेवलं. दोन्हीवर बोट फिरवलं, म्हणाले, "खरी आहे." आणि गळ्यात घातलं. तेव्हा मास्तरांच्या मिशा काळ्या होत्या. त्या एका शब्दावर मी तीस वर्षं काढली.

बायकांचे कपडे शिवायचं दुकान. माणसं मी कमरेपासून ओळखते. मी पोटावर आले की बोलणारी बाई गप्प होते आणि श्वास आत ओढते. मास्तर तसेच थांबायचे. "सोडा श्वास, बाई. कपडा घालून जेवायचंही असेल ना?" बाई हसायची, श्वास सुटायचा, खरं माप मिळायचं. तशी शिस्त होती तेव्हा.

मास्तरांना एक खोड होती. माप घेण्याआधी मला दोन्ही हातांत धरून दोनदा हिसडा द्यायचे. फट, फट. गिऱ्हाईक आलं की हिसडा, रिकामे बसले तरी हिसडा. मला ते लाड वाटायचे.

पुढे दुकानात एक गंमत सुरू झाली. बायका बारीक व्हायला लागल्या. "मास्तर, खरंच एवढीच कंबर?" म्हणून खुशीत जायच्या, येताना जावेला घेऊन यायच्या. मीही फुशारले. मास्तर आकडा मोठ्यानं सांगत, सूनबाई वहीत लिहीत. गळ्यातून मला वही दिसायची. मास्तर चौतीस म्हणाले की ती छत्तीस लिही. मला वाटलं, पोरीच्या कानांत काहीतरी बिघाड आहे. मास्तर विचारत, "बरोबर लिहिलंस ना?" ती म्हणे, "हो बाबा, बरोबर." मी मनात म्हणायची, कसलं बरोबर.

मग ते लग्नघर आलं. नवरी, तिची थोरली बहीण, मावशी आणि एक मैत्रीण. सगळ्यांना एकाच मोरपंखी कापडाचे पायघोळ झगे हवे होते, पण जिला जे शोभेल ते. सूनबाईनं चित्रांची वही उघडली. मैत्रीण काडीसारखी, तिला खांद्यावर झालर. मावशी बुटकी, तिला गळ्यापासून खालपर्यंत सरळ उभी शिवण.

"माझ्या कमरेला तुमची टेप पुरेल का मास्तर, की दोन जोडणार?" मावशी म्हणाली.

"पुरेल. टेपनं तुमच्यापेक्षा मोठ्या मावश्या पाहिल्यात."

थोरली कोपऱ्यात स्टुलावर बसली होती. तिला सगळे ताई म्हणत. "मला एखादा सैल झगा शिवा," ती म्हणाली. "मी मागे बसणारेय. फोटोत यायचं नाही मला."

नवरीचा चेहरा पडला. "तू शेजारी उभी राहणार नसशील तर हा घाट कशाला घातलाय, ताई?"

"दोन बाळंतपणं होऊ देत तुझी, मग बोल."

मावशीनं तिला दंडाला धरून उभं केलं. मास्तरांनी मला हिसडा दिला, तिच्या कमरेभोवती घेतलं. "छत्तीस."

"किती?"

"छत्तीस."

"परत घ्या बरं."

मास्तरांनी परत घेतलं. छत्तीस. ताई आरशासमोर गेली, पदर बाजूला केला, कडेनं पाहिलं. मग सूनबाईच्या हातातून चित्रं घेतली आणि कमरेत घट्ट बसणारा झगा निवडला. "उभी राहते गं," नवरीला म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की सूनबाईनं वहीत अडतीस लिहिलं तिकडे मी पाहूनही पाहिलं नाही.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. अगदी चित्रातला झगा, तोच रंग, तयार मिळत होता. छत्तीसचाच मागवलाय, घरपोच येईल, माझा शिवू नका.

सूनबाईनं फोनवर हात ठेवला. "बाबा, सांगा त्यांना. टेप ताणलीय. टेपचं छत्तीस म्हणजे खरं अडतीस."

मी गळ्यात होते. मला काही कळेना.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "खुश आहे ना ती? तयार कपडा सैलच असतो."

म्हणजे मास्तरांना माहीत होतं. रोज माहीत होतं. हिसडे देऊन देऊन मला त्यांनी खोटं केलं होतं आणि तेच खोटं गिऱ्हाइकांना गोड करून वाढत होते.

लग्नाच्या सकाळी ताई आली, मागून मावशी. ताईच्या हातात पिशवी, डोळे लाल. "आजच्यासाठी जपून ठेवला, आधी घातला नाही. चेन लागत नाही, दोन बोटं अंतर राहतं, मास्तर. तुम्ही दोनदा मोजलंत."

मास्तरांनी मला गळ्यातून काढलं. टेबलावर टाकलं. "जुनी झाली, ताई. ताणली गेली. टेपनं दगा दिला."

तीस वर्षांत माझ्या खरेखोटेपणाबद्दल ते दुसऱ्यांदा बोलले, ते हे.

 सूनबाईनं मापाची वही उघडून ताईपुढे सरकवली. नवरीची ताई, कंबर अडतीस. तारीख पहिल्या दिवसाची.

ताईनं वाचलं. "म्हणजे ठाऊक होतं."

मास्तरांनी वही मिटली.

"अडतीस आहे तर अडतीस म्हणायचं. मी काय मेले असते?" तिनं टेबलाच्या उघड्या खणातली नवी टेप काढून त्यांच्या हातात दिली. "घ्या. आणि मोठ्यानं म्हणा."

मास्तरांनी ती ताईच्या कमरेभोवती घेतली. हिसडा द्यायला ते विसरले. "अडतीस," म्हणाले.

"दुकानाबाहेर ऐकू गेलं का गं मावशी?"

"गेलं. आता पटकन शिवा, नाहीतर नवरी एकटीच उभी राहील."

सूनबाईनं झग्याच्या दोन्ही कुशींच्या शिवणी उसवल्या, उरलेल्या मोरपंखी कापडाच्या पट्ट्या जोडल्या. चेन लागली. ताईनं श्वास आत ओढला नाही. तशीच ताठ बाहेर गेली, नवरीशेजारी उभं राहायला.

माझी आठवण कोणाला झाली नाही.

आता मी माळ्यावर आहे. चिंध्यांच्या गाठोड्याला मला करकचून बांधलंय. गाठ नेमकी छत्तीसवर आली आहे. खाली मास्तर नव्या टेपला हिसडे देतात, ते ऐकू येतं. फट, फट. ती पोर लाडात असेल.

शिवणाऱ्यांनो, टेप अधूनमधून गजाला लावून पाहत जा. खोटी निघाली तर कापून टाका, मी हूं का चूं करणार नाही. पण तिच्या नावावर आपलं पाप खपवू नका. मला नुसत्या रेघा होत्या. छत्तीस म्हणणारं तोंड मास्तरांचं होतं.