हाक मला, ओ दुसऱ्याची

मित्रांनो, मी एक जुना फॉन्ट आहे, म्हणजे कॉम्प्युटरमधला अक्षरांचा संच. माझा जन्म मात्र गव्हाणच्या खाडीकाठी, रंगाच्या डब्यांशेजारी झाला. तुळशीराम पेंटर होड्यांवर नावं रंगवायचे. त्यांच्या 'र'चं शेपूट ऐटीत वर वळायचं. वयामुळे त्यांना होड्यांवर चढणं जमेना, तेव्हा पनवेलच्या कमलाकरकाकांनी त्यांच्याकडून सगळी अक्षरं कागदावर काढून घेतली आणि आपल्या स्टिकरच्या दुकानात मला घडवलं.

काय दिवस होते ते! होड्या, टेम्पो, मच्छीची दुकानं, जिथे तिथे मीच. तुळशीराम दुकानात येऊन मला न्याहाळायचे. "माझाच हात हाय ह्यो!" म्हणायचे. मी फुलून जायचो.

मग ते गेले. दुकानात नवा कॉम्प्युटर आला. मला त्यात आणायला काकांना सवड नव्हती, म्हणून त्यांनी सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली: माझं नाव आलं, की दुसरा एक फॉन्ट वापरायचा. पुढे त्यांनी मला आणून बसवलं, पण ती ओळ पुसायची राहिली. तेव्हापासून हाक मला मारतात आणि ओ तो देतो.

यंदा नारळी पौर्णिमेआधी तुळशीरामांची लेक मैना आली. नव्या होडीवर तिला आईचं नाव, 'हिरावती', बापाच्या अक्षरांत हवं होतं. काकांनी माझं नाव निवडलं. मी सावरून बसलो. पडद्यावर मात्र तो गुळगुळीत पाहुणा उमटला.

"काका, ही बापसाची अक्षरं नाय."

"अगं, तोच फॉन्ट निवडलाय. हे बघ नाव."

"नाव आसंल. पन त्याचा र आसा नवता."

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "फॉन्टच बिघडला असेल गं," ते पुटपुटले.

मैनाने पडद्याकडे पाठ फिरवली. "ऱ्हाऊ द्या. हाच द्या. बापसाचा हात बापसासंगं गेला."

गेला नाही गं मैना! मी इथेच आहे, शेपटासकट. एवढं ओरडलो, पण फॉन्टला आवाज कुठला?

मित्रांनो, गावाला गेलेला माणूस परत आला, की त्याच्या जागी बसवलेल्याला उठवायला विसरू नका. होड्या दर पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढतात आणि नव्याने रंगवतात. मैना पुन्हा येईल. त्याआधी ती ओळ कुणीतरी पुसा. मला तिच्या आईचं नाव लिहायचं आहे.