पिवळं पाणी, लाल कॅन्सर

लोणारच्या बसस्थानकावर त्या सकाळी एसटीच्या आधी बाबा आला, आणि पुंजाजीला पहिला संशय तिथंच आला. पुंजाजी फलाटावरच झोपे, आणि त्या म्हाताऱ्याचा कुणावरच भरवसा नव्हता. रिकाम्या बाकड्यालाही तो आधी काठी टोचून बघे.

प्रेमानंदबाबाभोवती तोबा गर्दी. "नाव नको, गाव नको, कागद नको. चूळ भरा, कॅन्सर थुंका." बाबा पेल्यातून पिवळं पाणी देई. माणूस ते खळखळवून वाडग्यात थुंकला, की लालभडक. एकानं तर आपल्या कॅन्सरसोबत सेल्फी काढला.

शेजारच्या बाकड्यावर राहणारा गोकुळही थुंकून आला. त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा होता, कितीतरी दिवस न भरणारा. मागं तो तपासणी शिबिरात गेला, तर टेबलावरच्या माणसानं आधार कार्ड मागितलं, मग घरचा पत्ता, मग बाहेरची वाट दाखवली. आज स्थानकामागच्या शाळेत पुन्हा शिबिर होतं. पण गोकुळ म्हणे, आता कशाला, रोग तर वाडग्यात पडला.

पुंजाजीनं बाबाकडून एक पेला मागून घेतला, हुंगला. हळद. मग तोंडाला न लावता त्यानं तो सरळ वाडग्यात ओतला.

लालभडक.

"म्हंजे कॅन्सर पाण्यालेच झालता का बे?"

बाबा म्हणाला, पाण्यानं लांबूनच कुणाचा तरी रोग ओढला. कुणाचा, असं विचारल्यावर त्यानं जवळच्या कंडक्टरकडं बोट केलं. कंडक्टर बाह्या सरसावू लागला.

गलका ऐकून शिबिरातली डॉक्टर अलफिया आली. बाबाच्या झोळीतल्या दुसऱ्या, कोरड्या वाडग्यात तिनं बोट फिरवलं; ते पांढरं निघालं. मग गोकुळच्या तंबाखूच्या डबीतला चुना पिवळ्या पाण्यात कालवला. तेही लाल. हळदीला चुना लागला की ती लाल होते, एवढाच चमत्कार. तोवर बाबा मेहकरच्या गाडीत चढला होता.

"पण मले पत्ताच नाही, मॅडम," गोकुळ म्हणाला.

"तोंड आहे ना सोबत? उघडा."

बॅटरी लावून तिनं बराच वेळ पाहिलं. चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासावा लागेल म्हणाली, चिठ्ठीवर पत्ता लिहिला: लोणार बसस्थानक.

"कॅन्सर हाय का?"

"माहीत नाही. तपासल्याशिवाय मला कळत नाही."

माहीत नाही म्हणणारं माणूस पुंजाजीला पहिल्यांदाच भेटलं. त्यानं गोकुळचं बोचकं उचललं. "चाल, मी येतो संगं."

तर मंडळी, तपासण्याआधीच बरं करणाऱ्यापुढं तोंड उघडू नका. न भरणारा चट्टा डॉक्टरला दाखवा. आणि टेबलावर बसणाऱ्यांनो, आधी रोग बघा, पत्ता नंतर विचारा.