खिळे जुळवणाऱ्याचा मंगळवार

"बाबा, हात खाली! बाजूच्या ट्रकमधून बघतायत सगळे!"

"बघू देत! फुकट आहे!" गाडी सिग्नलला थांबली होती आणि सीटबेल्ट बांधलेले दिगंबरराव ताई-चीचा सराव म्हणून दोन्ही हातांनी हवेतले ढग सारत होते. "वसुधा, एवढं एकदा पक्कं करू दे गं!"

वसुधाला हसू आवरेना. हेच का ते सासरे? सासूबाई गेल्यावर रवीनं त्यांना सोलापूरहून अमेरिकेत, प्लेनोला आणलं, तर पहिले चार महिने हे पडदे ओढून पलंगावर पडून. जेवा म्हटलं की जेवायचे, तेवढंच. शेवटी वसुधानं अक्षरशः हाताला धरून त्यांना म्हाताऱ्यांच्या सीनियर सेंटरमध्ये ताई-चीच्या, म्हणजे संथ चिनी व्यायामाच्या तासाला नेऊन उभं केलं. शिकवायला मिसेस लिन नावाची चिनी बाई. तिला इंग्रजी जेमतेम, यांना त्याहून कमी. पण काय मेतकूट जमलं दोघांचं! माणूस रात्री झोपायला लागला, मागून घेऊन पोळी खायला लागला.

आणि गेल्या आठवड्यात मिसेस लिन मुलाकडे कॅलिफोर्नियाला कायमची निघून गेली. शिकवायला कोणी नसेल तर मंगळवारचा तास बिंगोच्या खेळाला देणार, असं मॅनेजर डोनानं सांगून टाकलं. "आय टीच!" दिगंबरराव बोलून बसले. आज परीक्षा. तास गेला तर पुन्हा तो पलंग, हे सासरा-सून दोघांनाही ठाऊक होतं.

हॉलमध्ये अठरा म्हातारी मंडळी, दारात हाताची घडी घालून डोना. मिसेस लिनसारखेच दिगंबरराव सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन मिनिटांत सगळा बट्ट्याबोळ! ती मोठ्यानं आकडे मोजायची. हे मोजायचंच विसरले आणि रुंद पाठीआड हात दिसेनात. कोणी डावीकडे वळलं, कोणी उजवीकडे. दोन आजोबा एकमेकांवर आदळले. डोनानं घड्याळ पाहिलं.

तेवढ्यात दिगंबरराव गर्रकन वळले आणि लोकांकडे तोंड करून उभे राहिले!

आता सगळं उलटं करायचं. लोकांनी उजवा हात उचलायचा तर यांनी डावा. दुसऱ्या कोणाची भंबेरी उडाली असती. पण या माणसानं अडतीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले होते. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. उलटं वाचायचं, उलटं लावायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. एकदाही अडखळले नाहीत! अठरा माणसं एकदम वळली, एकदम झुकली, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. अगदी शेवटपर्यंत! मग जो काही टाळ्यांचा कडकडाट झाला!

"मंगळवार तुमचा, मिस्टर डी," डोना म्हणाली. "गुरुवारही घ्याल?"

"यस! यस!"

वसुधा धावत पुढे गेली, खुर्च्या आवरायला लागली.

"राहू दे गं," दिगंबरराव म्हणाले. "वर्ग माझा आहे." आणि एकेक खुर्ची उचलून ते सावकाश कोपऱ्यात रचायला लागले.

वसुधानं बाहेरच्या फोनवरून रवीला ऑफिसात फोन लावला, आणि तिला रडूच फुटलं.

"वसुधा? काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

काचेतून तिला दिगंबरराव दिसत होते. सहा खुर्च्या राहिल्या होत्या.

"हो रे," ती कशीबशी म्हणाली. "कामात आहेत."