वेणीसाठी घेतलेलं वर्ष

कर्णबधिर मुलांच्या शाळेत कुणाला नावानं हाक मारून उपयोग नसतो. मुलं प्रत्येकाला हाताची एक खूण देतात आणि तीच त्याची ओळख होऊन बसते. मुख्याध्यापिका म्हणजे दोन्ही हात ऐसपैस पसरायचे, म्हणून मोठी माणसंही त्यांना मोठ्या बाईच म्हणत. दुसरीच्या बाईंच्या हनुवटीवर तीळ होता, तेव्हा हनुवटीला बोट लावलं की त्या. आणि त्यांच्या वर्गातली एक मुलगी म्हणजे खांद्यावरची वेणी ओढल्याची खूण.

वेणी जन्मापासून ठार बहिरी, पण तिच्याएवढी बडबडी मुलगी शाळेत दुसरी नव्हती. चौकीदार खुर्चीत बसल्या बसल्या कसा डुलक्या घेतो, मोठ्या बाई फोनवर चिडल्या की त्यांचा चष्मा कसा घसरत नाकाच्या शेंड्यावर येतो, सगळं ती हातांनी असं हुबेहूब सांगायची की बाईंना पाठ फिरवून हसावं लागे. गप्प बस म्हटलं की ती हात काखेत दाबून बसायची आणि भुवयांनी बोलायला लागायची.

ती दाराच्या चौकटीला आपटायला लागली तेव्हा आधी सगळ्यांना तो तिचा धसमुसळेपणा वाटला. मग बाईंच्या लक्षात आलं, की छातीसमोर केलेली खूण तिला कळते, पण हात जरा बाजूला गेला की ती भलतंच उत्तर देते. शेजारच्या मुलीनं पुढं केलेला खडू तिला दिसत नाही. दुपारी व्हरांड्यात ऊन उतरलं की ती भिंतीला हात लावून चालते.

बाई स्वतः तिला आणि तिच्या आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, जन्मजात बहिरेपणाबरोबर येणारा हा आजार आहे. नजर कडेनं आत आत मिटत जाते. औषध नाही. काही वर्षं टिकेल, कदाचित लवकरही जाईल.

वेणीची आई एका लाँड्रीचे कपडे घरी आणून इस्त्री करायची. नवरा ट्रकवर असे, कधीमधी उगवे. दवाखान्यातून बाहेर पडताना ती एवढंच म्हणाली, "बाई, तिला इतक्यात सांगू नका. लहान आहे हो."

बाईंनी मान हलवली. सांगायचं कसं, हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं.

त्या आपल्या परीनं धडपडू लागल्या. वेणीची मनगटं धरून तिच्याच हातांनी खुणा करून दाखवू लागल्या. वेणी वैतागायची, हात सोडवून घ्यायची आणि नाक मुरडून विचारायची, "मला दिसतंय, मग ओढतेस कशाला?"

त्याच सत्रात शाळेची सरकारी तपासणी झाली. आलेले अधिकारी काही वाईट माणूस नव्हते. वर्गात बराच वेळ बसले, वेणीच्या नकलांवर मनापासून हसले. नंतर मोठ्या बाईंच्या खोलीत चहा पिताना त्यांनी विचारलं, "त्या मुलीची नजर जातेय ना?"

"हो."

"मग ती नुसती कर्णबधिर नाही, बधिरांध आहे. तिला शिकवायला वेगळी पात्रता लागते. इथं कुणाच्या नोंदणीपत्रावर तसा शेरा आहे?"

कुणाच्याच नव्हता. दुसरीच्या बाईंच्या नोंदणीपत्रावर 'कर्णबधिर' एवढा एकच शब्द होता आणि त्यावर त्यांची सगळी नोकरी निघाली होती.

"उद्या काही झालं तर कशाच्या जोरावर उत्तर देणार?" अधिकारी म्हणाले. "तसा शिक्षक आणा, नाहीतर मुलीला जिथं तो आहे तिथं पाठवा."

असा शिक्षक असलेली शाळा दिवसभराच्या प्रवासावर होती आणि तिथं जागा नव्हती. संध्याकाळी बाई मोठ्या बाईंकडे गेल्या. "तो कोर्स मी करते. वर्षभराचा आहे. तोवर तिला माझ्याच वर्गात ठेवा. मदतनीस आहे, ती सांभाळेल."

"ठेवते की," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही शेरा घेऊन या. मग आपण त्यांना तोंड देऊ."

बाईंचा नवरा म्हणाला, "जा. वर्षभर स्वतःच्या हातचं खाईन. त्यातून वाचलो तर भेटूच."

वेणीला सांगताना मात्र बाईंची तारांबळ उडाली. मी शिकायला चाललेय, परत येणार आहे, असं त्यांनी सांगितलं. वेणीला फार गंमत वाटली. "तू एवढी मोठी. अजून शिकली नाहीस?"

"थोडं राहिलंय."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

वेणीनं खांदे उडवले. जमणार असेल तर येताना रंगीत खडू आण, म्हणाली.

कोर्स दुसऱ्या शहरात होता, राहायला वसतिगृह. प्रशिक्षिका मितभाषी होत्या. शिकवण्यापेक्षा माणसाला प्रसंगात ढकलण्यावर त्यांचा भर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांचे डोळे जाड पट्टीनं बांधले, कानांत बोळे घालून वर हेडफोन चढवले आणि जेवायला बसवलं. बाईंना नुसती खुर्ची जाणवत होती. तेवढ्यात कुठूनतरी एक चमचा ओठांवर आदळला. बाईंनी तोंडातला घास थुंकला. कुणीतरी मनगट पकडलं, तर त्यांनी ते एवढ्या जोरात हिसडलं की समोरचा पेला उलटला.

पट्टी सोडल्यावर प्रशिक्षिका म्हणाल्या, "वरून हात धरला की माणूस घाबरतो. आपला हात मुलाच्या हाताखाली न्यायचा. त्याला वाटलं तर तो ठेवील, नाहीतर काढून घेईल. काढता आला पाहिजे. तेवढंच स्वातंत्र्य त्याच्यापाशी उरलेलं असतं."

वेणीच्या मनगटांची आठवण येऊन बाईंना जेवण गेलं नाही.

सुरुवातीला त्या शाळेत व्हिडिओ कॉल करायच्या. मदतनीस फोन धरायची. पण त्या टीचभर पडद्यावर वेणीला बाईंचे हात सापडायचे नाहीत. ती फोन डोळ्यांना चिकटवायची, मग कंटाळून परत द्यायची. पुढं पुढं ती फोन घ्यायलाच येईना. मोठ्या बाई म्हणत, "बरी आहे. तुम्ही तुमचं बघा."

वाईट बातमी कधी सरळ येत नाही, तशी हीही आडून आली. मदतनीसनं काहीतरी दुसरं विचारायला फोन केला होता. बोलता बोलता ती म्हणाली, "वेणी आता शाळेत नसते ना, त्यामुळे मला पहिलीला दिलंय."

वेणी जिन्यावरून पडली होती. फार लागलं नव्हतं, पण शाळा चालवणाऱ्या संस्थेची माणसं धास्तावली आणि बाई परत येईपर्यंत मुलीला घरीच ठेवा, असं ठरलं.

बाईंनी बॅग भरली आणि प्रशिक्षिकांना सांगायला गेल्या.

"मी अडवणार नाही," प्रशिक्षिका म्हणाल्या. "पण तिथं जाऊन काय करणार? शेऱ्याशिवाय तिला तुमच्या वर्गात घेणार नाहीत. कोर्स अर्धवट सोडला तर पुन्हा प्रवेश मिळेलच असं नाही. आणि खरं सांगू का, तुम्हाला अजून येत नाही."

"तोवर ती घरात बसून राहील."

"हो. राहील."

बाईंनी बॅग रिकामी केली. त्यांनी वेणीच्या आईला फोन केला, हात कसे हाताखाली न्यायचे ते सांगायचा प्रयत्न केला. पलीकडे वाफेचा फुसफुस आवाज येत होता. आई हो हो म्हणत राहिली. फोनवर सांगून कळण्यासारखी ती गोष्टच नव्हती. राहण्यात आपलं चुकलं की बरोबर होतं, हे बाईंना पुढं कधीच ठरवता आलं नाही.

वर्ष संपलं. नोंदणीपत्रावर दुसरा शब्द चढला. मोठ्या बाईंनी त्याची प्रत दर्शनी भिंतीवर लावली आणि सगळ्यांसमोर कौतुक केलं. मग बाईंना खोलीत बोलावून म्हणाल्या, "आता एक अडचण आहे. बधिरांध वर्ग सुरू करायचा तर एका मुलीवर मंजुरी मिळत नाही, आणि तशा वर्गाशिवाय संस्था तिला परत घ्यायला तयार नाही. आणखी मुलं शोधावी लागतील."

"आणि तोपर्यंत?"

मोठ्या बाईंनी चष्मा पुसायला घेतला. "तुम्ही शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाऊ शकता. त्याला कोण नाही म्हणणार?"

त्याच संध्याकाळी बाई गेल्या. घर म्हणजे पुढं मागं दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि गठ्ठे. मागच्या खोलीत, जमिनीवरच्या गादीवर, वेणी भिंतीकडे तोंड करून बसली होती. कमरेला कापडी पट्टा होता आणि त्याचं दुसरं टोक लोखंडी पलंगाच्या पायाला. केस कापून अगदी बारीक केले होते.

"विंचरू देत नव्हती," आई म्हणाली. मग बाईंची नजर पट्ट्यावर गेलेली पाहून म्हणाली, "इस्त्रीवर हात टेकला तिनं. मी दारात कपडे द्यायला गेले होते. तेव्हापासून बांधते. तुम्हीच सांगा, काय करू?"

वेणीच्या उजव्या तळव्याची कातडी चकाकत होती आणि बोटं आत ओढली गेली होती. नजर पूर्ण गेली होती. डॉक्टरांनी म्हटल्यापेक्षा फार लवकर.

बाई जवळ बसल्या, तशी त्यांच्या हालचालीनं गादी दबली. वेणीनं अंग चोरलं. बाईंनी तिच्या डाव्या हाताशेजारी आपला हात उताणा ठेवला. वेणीनं चाचपला, आणि दुसऱ्या क्षणी दात रोवले.

"चावते," आई दारातून म्हणाली. "मलाही चावते. बाई, तुम्ही शिकून आलात ना? मग शिकवा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती खरोखरच वाट पाहत होती.

बाई रोज जाऊ लागल्या. हात ठेवायचा आणि बसायचं. आधी पट्टा सोडायचा, दार लावून घ्यायचं. पोळलेला हात वेणी कुणाला लावू देत नसे, तेव्हा सगळं डाव्यावर. बाई आपला तीळ तिच्या बोटाला लावायच्या. बोट तिथं क्षणभर थांबायचं आणि झटक्यानं निघायचं. ओळख पटली होती, यात बाईंना शंका नव्हती. म्हणून तर ते निघणं जास्त लागायचं.

बरेच दिवस असे गेले. मग एकदा वेणीचा हात बाईंच्या तळव्यावर आला, स्थिरावला, आणि बोटांनी त्यांना बाहेरच्या बाजूला ढकललं. जा. घरी बसल्यापासून तिनं कुणाला उद्देशून काढलेला तो पहिला शब्द होता.

बाई उठल्या आणि निघाल्या. आईनं विचारलं, "आज लगेच?"

"तिनं जा म्हटलं."

"म्हणून चाललात?"

"ऐकलं नाही तर पुन्हा बोलणार नाही ती."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा वेणीनं स्वतःहून हात पुढं केला. त्यानंतर शब्द एकेक करून आले. पाणी. खाज. नको. पूर्वीची बडबड मात्र परतली नाही. ती शब्द मोजूनमोजून खर्चल्यासारखे वापरायची आणि उरलेला वेळ हात मांडीवर मुडपून ठेवायची.

थंडी सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. बाईंच्या हातात हात देऊन वेणी बसली होती. मग तिनं मूठ वर नेऊन बोटं उघडली. दिवा. मग, लाव.

बाईंना वाटलं आपण चुकीचं वाचलं. त्यांनी विचारलं, "काय?"

"दिवा लाव. आई लावत नाही." वेणीची बोटं भरभर चालू लागली, कित्येक महिन्यांत चालली नव्हती तशी. "मी जिन्यावरून पडले. मग शाळा बंद. मग तिनं दिवा बंद केला. बांधलं. मी काय केलं? आता पडणार नाही. सांग तिला."

पुढच्या खोलीत इस्त्री टेबलावर सरकत होती. बाईंचे हात वेणीच्या हाताखाली होते आणि ते थरथरले तर तिला कळणार होतं. त्यांनी ते तसेच धरून ठेवले. प्रशिक्षणात घास भरवण्यापासून जिना चढण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं. हे शिकवलेलं नव्हतं.

"दिवा चालू आहे," त्यांनी सांगितलं. "तुझे डोळे थांबले. कान जन्मापासून थांबलेत, तसे."

वेणीनं हात काढून घेतला. आपल्या पापण्यांवरून बोट फिरवलं, मग पुन्हा हात दिला. "आईचे पण?"

"नाही. तुझेच."

"परत कधी चालू होणार?"

"होणार नाहीत."

"तू शिकायला गेली होतीस."

"हो. पण डोळे चालू करायला शिकवत नाहीत. तुझ्याशी बोलायला शिकवलं."

वेणीनं विचारलं, "मग शिक्षा नाही?"

"नाही. तू काहीच केलं नाहीस."

वेणी आडवी झाली आणि तिनं गुडघे पोटाशी घेतले. ती रडत होती की नुसती पडून होती, ते तोंड भिंतीकडे असल्यानं दिसत नव्हतं. बाई तिच्या पाठीशी बसून राहिल्या.

निघताना त्या इस्त्रीच्या टेबलापाशी थांबल्या. आईनं विचारलं, "आज बरंच बोलत होती. काय म्हणत होती?"

ते न सांगणं सोपं होतं. बाईंनी सांगितलं. एकही शब्द न गाळता.

आईनं इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. मागच्या खोलीच्या छताला लागलेल्या पिवळ्या दिव्याकडे ती बघत राहिली.

"मी रोज लावते हो," ती म्हणाली. "तिन्हीसांजा झाल्या की आधी तिच्या खोलीत लावते. तिनं अंधारात बसू नये म्हणून."

मग ती गादीपाशी जाऊन बसली आणि बाईंना म्हणाली, "तो हात कसा ठेवायचा, ते मला दाखवा."

बाईंनी दाखवलं. आईनं आपला खरबरीत तळवा लेकीच्या डाव्या हाताखाली नेला. वेणीनं तो चाचपला, ओळखला आणि आपला हात काढून घेतला. आईनं बाईंकडे पाहिलं.

"ठेवून द्या तसाच," बाई म्हणाल्या. "उद्याही ठेवा."

वर्गाला मंजुरी शेवटपर्यंत मिळाली नाही. वेणी त्या घरातच मोठी झाली.